डोळे आले नव्हते

वनमाला भोईरच्या मोतिया साडीचा फॉल
अर्धा लावून झाला होता,
तेव्हा सुईचं टोक डोळ्यात चमकलं
आणि चमकतच राहिलं.

अंकुश म्हणाला, कांद्याचं असेल.
तो वाशीच्या बाजारात गोणी उचलतो,
त्याच्या सदऱ्याच्या वासात अठरा वर्षं राहतेय मी,
कांद्याला रडायचं तर तेव्हाच रडून झालं.
आणि हा डोळा धड रडतही नव्हता.
चिपडं नाहीत, खाज नाही,
बुबुळाभोवती लाल कडं
आणि आत कुणी अंगठा रोवून बसलेलं.

शेजारची तुळसाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, डोळे आलेत तुझे.
संध्याकाळपर्यंत अख्ख्या कोपरखैरणेत आले.
बायका ब्लाउजपीस पायरीवर ठेवून जायच्या,
पैसे कुंडीखाली.

प्रणिताच्या वेळची थेंबांची बाटली फ्रिजमध्ये होती.
फ्रिज उघडला
आणि आतला तो एवढासा पिवळा दिवा
थोबाडीत बसला.

तीन दिवस मी खोलीला अस्तर लावत होते.
खिडकीला अंकुशची निळी लुंगी, वर गोधडी,
दाराच्या फटीत चिंध्या.
उजेड तरी यायचाच,
टाचणीएवढा, नेमका,
जणू माझ्याच हाताखाली शिकलेला.

चौथ्या दिवशी बसमध्ये
पदर तोंडावरून ओढून बसले.
कंडक्टरनं तिकीट देताना आवाज खाली आणला:
ताई, कोण गेलं?
म्हटलं, अजून कोणी नाही.

डॉक्टर रेळेकर वयानं प्रणितापेक्षा फार मोठ्या नसतील.
हनुवटी इथं, कपाळ इथं.
त्यांनी चांगल्या डोळ्यावर उजेड टाकला
आणि कळ दुसऱ्यात गेली.
मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, हेच बघायचं होतं.
एकावर पडतं, दुखतं दुसऱ्याला.
मी काही बोलले नाही.
अंकुशच्या खांद्यावरचा घट्टा आठवला उगीच.

डोळे आले नाहीत हो, त्या म्हणाल्या,
आत सूज आहे. बाहुली भिंगाला चिकटलीय.
कागदावर काढून दाखवली:
गोल नव्हती.
शिकाऊ पोरीनं कापलेल्या गळ्यासारखी
एका अंगाला ओढलेली.
लवकर यायचं होतं. घरातली जुनी बाटली पुन्हा घालू नका.

मग पेन थांबवून विचारलं,
सकाळी उठल्यावर पाठ आखडते का?

मी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारताहेत का.
अकरा वर्षं पाठ आखडतेय.
भिंत धरून उठते, चूल पेटली, डबा भरला
की सुटते हळूहळू.
शिलाई मशीन म्हणायचे सगळे. मीही म्हणायचे.
कुणी विचारलं नव्हतं, किती वेळ?
तास, म्हटलं. कधी सव्वा.
त्यांनी ते लिहून घेतलं,
तास, कधी सव्वा,
आणि रक्ताची चिठ्ठी दिली.

आता तासातासाला एक थेंब.
बाटली हलवायची, पापणी खाली ओढायची,
वर आढ्याकडे बघायचं.
दुसऱ्या बाटलीनं बाहुली एवढी मोठी केलीय
की जवळचं सगळं पाण्यात पडल्यासारखं.
सुईचं नेढं तर नाहीच.

प्रणिता कॉलेजला जाण्याआधी
थर्माकोलच्या तुकड्यात सुया रोवून जाते,
प्रत्येकीत ओवलेला दोरा:
मोतिया, आमसुली, तपकिरी, काळा.
बावीस असतात. मी बोटांनी मोजते.
दुपारी त्यातल्या सहा-सात संपतात,
चुकून आमसुलीच्या जागी तपकिरी लागतो कधी.
वनमाला येऊन गेली.
काळा चष्मा पाहून आधी पायरीवरच थांबली,
मग आत आली, फॉल बघितला.
म्हणाली, राहू दे, पदरात झाकतोय.

परवा पुन्हा तपासलं.
बाहुली सुटलीय, रेळेकर म्हणाल्या, बरीचशी.
एका जागी अजून टाका अडकलाय.